प्रकरण अकरावे: अक्रोडाचा दस्ता

मिसेस विटकम यांनी चहा नको म्हटलं, तेव्हाच मीनलच्या मनात पाल चुकचुकली.

बंदुकांच्या परवान्यांची चौकशी करणाऱ्या या बाई पोलीस खात्याच्या, पण गणवेशात नसायच्या. गेल्या दहा वर्षांत दोनदा परवाना नवा करायच्या वेळी त्या बेसिंगस्टोकच्या या घरी येऊन गेल्या होत्या, आणि दोन्ही वेळा जाताना चकल्या बांधून घेऊन गेल्या होत्या, असं सासूबाई, लीलावतीबाई, कौतुकानं सांगायच्या. आज, जुलैतल्या शुक्रवारी दुपारी चारला, त्या न कळवता आल्या, कोचाच्या अगदी कडेला बसल्या आणि मांडीवरच्या बंद फाईलवर त्यांनी दोन्ही हात ठेवले. लीलावतीबाई ट्रे घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

समोरच्या खुर्चीत तिचे सासरे, कमलाकर रिसबूड, बसले होते. अंगात गॅरेजमधला तपकिरी डगला, बाह्यांवर लाकडाचा भुसा. वय अडुसष्ट. उभं आयुष्य विमानांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं, आणि शनिवार-रविवार बिस्लीच्या मैदानावर पोटावर झोपून हजार यार्डांवरच्या पांढऱ्या चौकटीवर नेम धरण्यात. आजवर रायफल क्लबची, नाहीतर कोणीतरी वापरून विकलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या मापाची, स्वतःच्या हातची एक करायला घेतली होती. नळी आणि खटक्याचा सगळा लोखंडी भाग ऑल्टनजवळच्या एका खेड्यात पिम नावाच्या म्हाताऱ्या बंदूकवाल्यानं जुळवून दिला. बर्मिंगहॅमला जास्त दाबाचं काडतूस उडवून त्याची परीक्षा झाली, शिक्का बसला. लाकडी दस्ता मात्र ते स्वतः कोरत होते, अक्रोडाच्या एका ठोकळ्यातून, गेल्या ऑक्टोबरपासून. सप्टेंबरात स्पर्धा होती.

"मिस्टर रिसबूड," मिसेस विटकम म्हणाल्या, "आमच्याकडे एक पत्र आलंय. टाईप केलेलं. खाली सही नाही. पोस्टाचा शिक्का बेसिंगस्टोकचा आहे."

राजीव, मीनलचा नवरा, नुकताच ऑफिसातून येऊन जिन्याशी बूट काढत होता. तो एक बूट हातात धरून तसाच थांबला. त्याची बहीण स्वराली दुपारच्या गाडीनं मँचेस्टरहून आली होती. उद्या लीलावतीबाईंना पासष्ट पूर्ण होणार होती, म्हणून. तिनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"पत्रात लिहिलंय की बंदुकीच्या कपाटाची किल्ली दाढीच्या साबणाच्या जुन्या डब्यात असते आणि ते घरात सगळ्यांना माहीत आहे. खरं आहे?"

परवान्याचा नियम सोपा होता. किल्ली कुठे आहे हे परवाना ज्याचा, त्यालाच माहीत हवं.

"डब्यात असते, हे खरं," कमलाकर म्हणाले.

"आणि सोळा जूनला, शनिवारी, दुपारी एकपासून संध्याकाळी सहापर्यंत कपाट सताड उघडं होतं. रायफलचा बोल्ट जेवणाच्या टेबलावर पडला होता."

मीनलला वाटलं, आता बाबा हसतील. काहीतरी भलतंच, म्हणतील. बाबा कुठलीही वस्तू अर्धा इंचही इकडची तिकडे ठेवणारे नव्हते.

कमलाकरांनी गुडघ्यावरचा भुसा झटकला. "हो," ते म्हणाले. "होतं उघडं."

अर्ध्या तासात मिसेस विटकम यांनी जुनी रायफल, नवीचा लोखंडी भाग आणि काडतूस नळीत सारणारा तो बोल्ट आपल्या गाडीत ठेवून कुलूप लावलं. पावती दिली. चौकशी पुरी होईपर्यंत सगळं पोलिसांच्या ताब्यात. सोमवारी फोन करते, म्हणाल्या. दारात त्या क्षणभर थबकल्या आणि मीनलकडे बघून म्हणाल्या, "तुमची लहान मुलगी आहे ना घरात? पाच वर्षांची?"

"हो," मीनल म्हणाली.

दार लागलं. वळून बघते तो लीलावतीबाई तिच्याकडेच बघत होत्या.

---

त्या बघण्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

राजीव-मीनलचं घर तिथून दहा मिनिटांवर. माळ्यावर खोली वाढवायची म्हणून मे महिन्यात त्याचं छप्पर उतरवलं, आणि ऑगस्टपर्यंत तिघांनी इथे राहायचं ठरलं. यायच्या दुसऱ्याच दिवशी मीनलनं जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, विचारलं होतं, "बाबा, ती रायफल तेवढे महिने क्लबात ठेवता नाही येणार का? तनूचे हात सगळीकडे जातात." नागपूरची मुलगी, मनात आलं की बोलून मोकळी. कमलाकर जेवत राहिले होते. लीलावतीबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच तिला हाताला धरून न्हाणीघरात घेऊन गेल्या होत्या. "हे बघ, किल्ली इथे. वरच्या फळीवर. तनूचा हात पोचेल का? झालं समाधान?"

शुक्रवारी संध्याकाळी जेवताना त्याच म्हणाल्या, "बाहेरच्या माणसाला डबा कुठून कळणार? लिहिणारं घरातलंच आहे."

तनू शेजारच्या एलीकडे खेळायला गेली होती. टेबलावर पाच जण होते आणि मधे उद्यासाठी फुगवलेल्या फुग्यांची पिशवी.

"आई, डबा मला पण माहीत होती," राजीव म्हणाला. "लहानपणापासून. स्वरालीला पण."

"तुम्हाला माहीत असून इतक्या वर्षांत कोणी पोलिसांना पत्र नाही लिहिलं."

"म्हणजे मी लिहिलं," मीनल म्हणाली.

"मी नाव घेतलं का कुणाचं?"

"घ्या ना, आई. नाव घेऊनच बोला."

"मीनल, लीव्ह इट," राजीव हळूच म्हणाला.

"का लीव्ह इट? मला काही म्हणायचं असतं तर मी तोंडावर म्हणते. मेमध्ये म्हटलंच होतं."

"तेच तर," लीलावतीबाई आमटी वाढत म्हणाल्या. "तोंडावर म्हणून झालं, ऐकलं नाही कुणी. मग माणूस दुसरा रस्ता शोधतं."

मीनलनं बाबांकडे पाहिलं. या घरात तिचं खरं जमायचं ते त्यांच्याशी. दस्त्याचं लाकूड आलं त्या दिवशी त्यांनी तिलाच गॅरेजमध्ये बोलावलं होतं. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून दाखवली होती. "नळीला लाकूड कुठेच शिवता कामा नये. शिवलं की गोळी हजार यार्डांवर दोन फूट बाजूला." एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हेही त्यांनीच शिकवलं होतं. आज ते पोळीचे बारीक बारीक तुकडे करत होते. तुकडे खात नव्हते, नुसते करत होते. बोलत काहीच नव्हते.

त्यांनाही तसंच वाटतंय, असं मीनलला वाटलं.

जेवणानंतर राजीव तिच्यामागोमाग बागेत आला. आठ वाजले होते, जुलैचं ऊन अजून कुंपणावर होतं.

"मीनल, मी फक्त एकदाच विचारणार."

"नको विचारूस."

"यू वर स्केअर्ड. तनूसाठी. मी समजू शकतो. तू केला असेल तर मला सांग, मी आईला हँडल करतो."

तिनं दोरीवरचे टॉवेल काढले, घडी केली, पुन्हा मोडून घडी केली. आठ वर्षांच्या संसारात या माणसाला ती एकदाही खोटं बोलली नव्हती. आता तो तिला चूक माफ करायला आला होता, आणि ती चूक तिची नव्हतीच.

"राजीव, तुझ्या ऑफिसात प्रिंटर आहे. माझ्याही आहे," ती म्हणाली. "जूनमध्ये तूच म्हणाला होतास, बाबा थोडे विसरायला लागलेत. मी विचारलं का तुला?"

"मी माझ्या वडिलांचा कम्प्लेंट करीन?"

"आणि मी माझ्या सासऱ्यांची करीन?"

तो दोरीवरचे चिमटे गोळा करू लागला. ते उत्तर टाळणं तिला आईंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. घरात शिरताना तिनं खरंच मनाशी हिशेब मांडला: राजीव कधी एकटा घरी होता, कोणत्या दिवशी उशिरा आला. मग स्वतःचीच लाज वाटली. एका कागदानं एका दिवसात घराचं काय करून टाकलं होतं. जो तो दुसऱ्याच्या येण्याजाण्याच्या वेळा आठवत होता.

---

शनिवारी सकाळी राजीव तनूला पोहायला घेऊन गेला. लीलावतीबाई देवळात गेल्या होत्या. स्वयंपाकघरात मीनल पुऱ्यांची कणीक भिजवत होती आणि स्वराली चक्क्यात साखर घोटत होती. मँचेस्टरच्या इस्पितळात डॉक्टर असलेली ही नणंद मीनलपेक्षा चार वर्षांनी लहान. ती कधीच कुणाची बाजू घ्यायची नाही, आणि म्हणूनच मीनलला आज तिचा संशय येत होता. गेल्या महिन्यात तिनं फोनवर दोनदा विचारलं होतं, बाबा झोपतात का नीट, तेच तेच विचारतात का.

"स्वराली, पत्र तू लिहिलंस?"

स्वरालीचा डाव थांबला. "वहिनी, तू मला विचारते?"

"डॉक्टर तू आहेस. तुला काहीतरी दिसलंय, हे मला माहीत आहे."

"दिसला आहे," स्वराली म्हणाली. "माझ्या घराच्या पूजेच्या आधी बाबांनी मला एकाच दिवशी तीनदा फोन केला. तीनदा तेच सांगितला, मी येणार नाही, ग्लू लावायचा आहे. मी आईला म्हटला, जीपीला दाखव. आई म्हणाली, बुढापा आहे, सगळ्यांनाच होतो. पण लेटर मी नाही लिहिला. मी लिहिला असता तर खाली नाव घातला असता."

ती खोटं बोलत नव्हती. मीनलनं पिठाचे हात धुतले.

"मग उरलं कोण?"

"आईला ऑनेस्टली तुझ्यावर वाटतं. सॉरी." मग विषय बदलायचा म्हणून तिनं पर्समधून कॅमेरा काढला. "हे बघ ना. तुला दाखवायचे राहिले. आमच्या घरभरणीचे फोटो."

छोट्याशा पडद्यावर एकेक फोटो सरकू लागला. स्वरालीच्या नव्या फ्लॅटच्या दाराला तोरण. नऊवारी नेसलेल्या लीलावतीबाई दूध उतू घालताना. राजीव होमाच्या धुरानं डोळे पुसतोय. तनू मीनलच्या मांडीवर, तोंडाला पेढा. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख आणि वेळ.

मीनलनं कॅमेरा हातात घेतला.

"काय झाला?" स्वरालीनं विचारलं.

"तारीख बरोबर आहे ना यातली?"

"हो. का?"

सोळा जून. वेळ दुपारी एक वाजून बारा मिनिटं. पोलिसांच्या बाई बोलल्या तेव्हा प्रत्येक जण कपाट, बोल्ट आणि किल्ली यांतच अडकला होता. तारखेचा विचार कुणी केलाच नव्हता. आदल्या संध्याकाळी ते सगळे मँचेस्टरला गेले होते आणि रविवारी रात्री परतले होते. आई, राजीव, तनू, ती स्वतः. सगळे इथे, या चार इंचांच्या चौकटीत होते.

एक माणूस सोडून.

"पुरीचं बघ जरा," ती म्हणाली, आणि कॅमेरा घेऊन मागच्या दारानं गॅरेजकडे गेली.

---

लोखंडी पकडीत धरलेला दस्ता बाकावर आडवा होता. लोखंड गेल्यामुळे मधली खाच रिकामी. कमलाकर गालाला टेकायची बाजू बारीक पॉलिशपेपरनं घासत होते. गॅरेजमध्ये जवसाच्या तेलाचा वास होता.

"बाबा, सोळा जूनला आम्ही सगळे स्वरालीकडे होतो."

कागदाचा आवाज थांबला नाही.

"तुम्ही आला नाहीत. बेडिंग लावायचंय म्हणालात."

"लावलं होतं." लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये केसाइतकीही फट राहू नये म्हणून दोघांच्या मधे जो कडक होणारा लेप भरतात, त्याला ते बेडिंग म्हणत. "वेळेवर उचकटलं नाही तर दोन्ही कायमचं चिकटतं."

"मग कपाट एकपासून सहापर्यंत उघडं होतं, हे कुणी पाहिलं?"

तिनं कॅमेरा दस्त्याशेजारी ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि कागद हातातून खाली ठेवला.

"दार लाव," ते म्हणाले.

तिनं दार लावलं, पण ती बसली नाही.

"सकाळी अकराला लेप भरला, एकच्या बातम्या ऐकल्या. हे मला आठवतं," कमलाकर म्हणाले. "पुढचं नाही आठवत. सहा वाजता मी जेवणाच्या टेबलापाशी उभा होतो. समोर बोल्ट होता. त्याच्या शेजारी तनूचे रंगीत खडू. कपाटाचं दार उघडं, आणि घराचं पुढचं दारही. मी ते कधी उघडलं, का उघडलं, जेवलो की नाही, काही सांगता येईना. इकडे येऊन बघतो तर लेप दगड झालेला. पिमकडे नेऊन, तापवून तो सोडवावा लागला. त्याला मी सांगितलं, फोन आला, गप्पांत राहून गेलं." ते थांबले. "चाळीस वर्षांत माझं एकही काम वाया गेलं नव्हतं, मीनल."

"बोल्ट तनूच्या खडूंपाशी," ती म्हणाली.

"ती घरी असती तर, हाच विचार मी तेव्हापासून करतोय. दुसरा कुठला येतच नाही."

"मग सांगायचं होतंत! राजीवला. आईंना. मला."

"मिसेस विटकमचा नंबर मी चारदा फिरवला. पलीकडून आवाज आला की खाली ठेवायचो. माझा परवाना काढून घ्या, मला माझा भरवसा वाटत नाही, एवढंच वाक्य आहे. तोंडातून निघेना." त्यांनी दस्त्यावरून अंगठा फिरवला. "वाटलं, दुसऱ्या कुणीतरी येऊन हात धरावा. मग लायब्ररीत जाऊन टाईप केलं. सगळं खरं लिहिलं. सहीच काय ती केली नाही."

बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र सुरू झालं आणि थांबलं.

"काल मी टेबलावर बसले होते," मीनल म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिनं बाकाची कड घट्ट धरली. "आईंनी मला चोर ठरवलं. माझा नवरा मला माफ करायला बागेत आला. तुम्ही पोळीचे तुकडे करत होतात. एक शब्द बोलला नाहीत."

"नाही बोललो."

"का?"

त्यांनी चष्मा काढून डगल्याला पुसला. मीनलला वाटलं, विसरले म्हणतील. म्हणाले असते तर तिला मान्यही करावं लागलं असतं. पण ते तसं म्हणाले नाहीत.

"तुझ्यावर आलं तेव्हा मला बरं वाटलं," ते म्हणाले. "क्षणभरच. पण वाटलं. सुटलो असं वाटलं. इतका हलका माणूस आहे मी, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं."

मीनलला रडू येत होतं आणि रागही. दोन्ही एकदम आल्यामुळे तिला काहीच करता येईना.

"आज जेवताना तुम्ही सांगायचं," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांना. नाहीतर मी सांगेन, आणि मग ते माझ्या तोंडून निघेल. तुम्हाला ते आवडणार नाही."

"आज तिचा वाढदिवस आहे."

"काल माझाही दिवस होता, बाबा. मी तो तसाच घालवला."

---

दीड वाजता सगळे बसले. तनूला बाहेरच्या खोलीत कार्टून लावून दिलं होतं. टेबलावर पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड, मठ्ठा. स्वराली मीनलच्या शेजारी येऊन बसली, नेहमीची आपली खुर्ची सोडून. राजीवनं ते पाहिलं आणि नजर ताटाकडे वळवली.

पहिल्या पुरीनंतर कमलाकरांनी वाटी बाजूला सरकवली.

"मला थोडं बोलायचंय."

"नंतर बोला हो," लीलावतीबाई पटकन म्हणाल्या. "पुऱ्या निवतील."

"ते पत्र..."

"अहो, जेवा आधी. सोमवारचं सोमवारी."

मीनलनं मान वर केली. काल हाच विषय याच बाईंनी स्वतःहून ताटात वाढला होता.

"ते पत्र मी लिहिलं," कमलाकर म्हणाले.

राजीव हसला. मग बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. कमलाकरांनी सगळं सांगितलं, गॅरेजमध्ये सांगितलं त्याच क्रमानं. लेप, सहा वाजता टेबल, खडू, पुढचं उघडं दार, चार फोन, लायब्ररी. शेवटी म्हणाले, "काल मीनलवर बोलणं आलं आणि मी येऊ दिलं. तिचा यात काही संबंध नव्हता. हे मी तिच्यामुळे सांगतोय, माझ्या चांगुलपणामुळे नाही."

"बाबा," राजीव म्हणाला. एवढंच. मग मीनलकडे वळून, "मीनल, मी..."

"तू नंतर," ती म्हणाली.

ती लीलावतीबाईंकडे बघत होती. स्वरालीच्या डोळ्यांत पाणी होतं, राजीवचा चेहरा पांढरा पडला होता. लीलावतीबाई तेवढ्या वाटीतलं श्रीखंड चमच्यानं सारखं करत होत्या. त्यांना धक्का बसलेला नव्हता. त्या नुसत्या थकलेल्या दिसत होत्या.

"आई, तुम्हाला ठाऊक होतं."

लीलावतीबाईंनी चमचा वाटीत ठेवला.

"पत्राचं आधी नाही," लीलावतीबाई म्हणाल्या. "बाकीचं मार्चपासून. दोनदा ते कपाट मीच लावलंय. एकदा गॅस तसाच होता. बाईंनी तारीख सांगितली तेव्हा पत्राचंही कळलं. त्या दिवशी घरात दुसरं होतं कोण?"

"आणि तरी तुम्ही माझ्याकडे बघून बोललात."

"हो."

"आई, हाऊ कुड यू?" स्वराली म्हणाली.

"तू गप्प बस गं. तुला तिकडे लांब बसून जीपीला दाखव म्हणायला काय जातं?" त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. मग त्या मीनलकडे वळल्या. "एकोणसत्तरमध्ये मी इथे आले तेव्हा या गावात आपलं माणूस नव्हतं. या माणसाच्या हाताकडे बघून दिवस काढले. कारखान्यातले गोरे साहेब मोजमाप तपासायला याच्याकडे यायचे. तो हात आता... हे चारचौघांत निघालं असतं तर यांनी ते सोसलं नसतं. तू सोसशील, असं वाटलं. तू खमकी आहेस. चार दिवस रागावशील, राजीव समजूत काढेल, तुमचं छप्पर होईल, तुम्ही आपल्या घरी जाल."

"म्हणजे मी जाणारी, म्हणून माझ्यावर."

लीलावतीबाईंनी ते नाकारलं नाही.

मीनल उठली. तिनं आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात नेलं, धुतलं आणि पुसून जागेवर ठेवलं. बाहेरच्या खोलीतून तनूचं हसणं ऐकू येत होतं. तासाभरानं तिनं दोन बॅगा भरल्या. तिच्या घराचं खालचं मजघर तरी कोरडं होतं, नळाला पाणी होतं. तनूला घेऊन ती निघाली, तर दारात लीलावतीबाई आडव्या आल्या. त्यांच्या हातात श्रीखंडाचा डबा होता.

"चुकले गं," त्या म्हणाल्या. राजीव आणि स्वराली मागे उभे होते. ते दोघं ऐकतायत हे त्यांना दिसत होतं, तरी म्हणाल्या.

असू दे, असं म्हणायची रीत होती. मीनलच्या ओठांवर ते आलंही होतं.

"हो, चुकलात," ती म्हणाली. डबा मात्र तिनं घेतला.

---

सोमवारी कमलाकरांनी मिसेस विटकम यांना स्वतः फोन केला. लीलावतीबाई शेजारी उभ्या होत्या, असं स्वरालीनं मीनलला कळवलं. बाबा सुरुवातीला अडखळले, मग एका दमात सगळं बोलले. मग बाई म्हणाल्या की तीस वर्षांत असं पत्र त्यांनी पाहिलं नाही. परवाना गेला. दोन्ही रायफली पिमच्या ताब्यात जातील, तो परवानाधारक विक्रेता आहे. क्लबातल्या दुसऱ्या सभासदानं शेजारी बसून लक्ष ठेवलं, तर क्लबाच्या मैदानावर नवी रायफल चालवता येईल की नाही, ते क्लबानं ठरवायचं. सप्टेंबरात कमलाकर हजार यार्डांवर झोपतील की नाही, हे कुणी विचारलं नाही. दस्ता लाकडाचा, त्याला परवाना लागत नाही. तो गॅरेजमध्येच राहिला, आणि ते रोज सकाळी तासभर त्याला तेल चोळत राहिले.

राजीव रविवारीच गादी घेऊन अर्ध्या छपराच्या घरी आला होता. मीनलनं त्याला आत घेतलं. बोलणं फारसं झालं नाही. एवढंच झालं की बुधवारी संध्याकाळी त्यानं भांडी घासता घासता पाठमोरं म्हटलं, "मी विचारलाच नको होता," आणि ती म्हणाली, "नव्हतंच विचारायला हवं."

बुधवारीच लीलावतीबाईंचा फोन आला. उद्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांची डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. "मी येते म्हटलं तर नको म्हणतात. राजीवही नको. म्हणतात, मीनल येत असेल तर जाईन."

मीनल खिडकीशी उभी होती. वर सुतार कौलांच्या पट्ट्या ठोकत होते.

"पावणेनऊला येते," ती म्हणाली.

दवाखान्यात कमलाकरांनी ठेवणीतला कोट घातला होता. डॉक्टर तरुण होता, ग्लासगोकडचं इंग्रजी बोलणारा. त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि अगदी सावकाश विचारलं, हे विसरणं केव्हापासून आहे, किती वेळा होतं, घरात कुणाला काही धोका वाटला का.

कमलाकरांनी तोंड उघडलं. त्यांची बोटं कोटाच्या गुंडीशी चाळा करत होती. मग ते मीनलकडे वळले आणि मराठीत म्हणाले,

"तू सांग. मी सांगितलं तर त्यातलं थोडं कमी करीन."

मीनलनं खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. काहीच कमी केलं नाही.